नगररचना कार्यालयात कामाचे वाटप न्याय्य कसे करावे?

प्रश्न
नमस्कार. गेली आठ वर्षे मी नगररचनाकार म्हणून काम करते आहे. आमच्या कार्यालयात स्त्रिया संख्येने कमी नाहीत. मात्र हरकती-सूचनांची छाननी, नागरिकांच्या बैठका आणि अहवाललेखन आमच्याकडे येते, तर वाहतुकीचे मॉडेल (रहदारीचा संगणकीय अंदाज) आणि वरिष्ठांपुढील सादरीकरण पुरुष सहकाऱ्यांकडे जाते, आणि बढतीच्या वेळी वजन असते ते याच दुसऱ्या प्रकारच्या अनुभवाला. परवा मी आखलेल्या जमीनवापर नकाशाविषयीचा प्रश्न बैठकीत माझ्याहून कनिष्ठ सहकाऱ्याला विचारला गेला. तो बिचारा माझ्याकडे पाहत राहिला. कार्यपद्धतीत नेमका कोणता बदल सुचवावा?

प्रतिसाद १
वर्षभरात मॉडेल कोणी चालवले, सादरीकरण कोणी केले आणि इतिवृत्त कोणी लिहिले, याचा प्रकल्पनिहाय तक्ता करून तो आढावा बैठकीत ठेवावा. दुसरे म्हणजे, प्रत्येक नकाशाच्या नामचौकटीत (नकाशाचा तपशील लिहिलेल्या चौकटीत) आखणी करणाऱ्याचे नाव असलेच पाहिजे. श्रेय एकदा निसटले की ते परत मिळवणे फार कठीण असते: वास्तुकलेचे १९९१चे प्रित्झकर पारितोषिक एकट्या वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंच्युरी यांना मिळाले, आणि त्यांच्या सहकारी डेनिस स्कॉट ब्राउन यांचाही त्यात समावेश व्हावा ही २०१३ साली झालेली मागणी मान्य झाली नाही.

प्रतिसाद २
तक्ता हवाच, पण तेवढ्याने भागणार नाही. उद्या स्त्रियांना मॉडेल मिळाले तरी नागरिकांशी बोलण्याचे काम हलकेच मानले जाईल, आणि मला खरी खंत त्याची आहे. संतापलेल्या दोनशे रहिवाशांसमोर रस्तारुंदीची रेषा समजावून सांगणे आणि त्यांच्या बोलण्यातून आराखड्यातील चूक हेरणे हे कौशल्याचे काम आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१च्या १००व्या करारात ‘समान मूल्याच्या कामासाठी’ समान वेतन असे म्हटले आहे. कामे एकसारखीच असावीत अशी त्याची अट नाही. त्यामुळे बढतीच्या निकषांत या कामाला किती गुण आहेत, हे आधी तपासा.

प्रतिसाद ३
व्हिएन्ना शहराने १९९०च्या दशकात ‘फ्राउएन-वेर्क-श्टाट’ ही वसाहत उभारताना आराखड्यासाठी स्त्री वास्तुविशारदांनाच निमंत्रित केले होते. ज्यांना मोठे काम कधी मिळालेच नाही, त्यांच्याकडे अनुभव नाही असे म्हणत राहण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. आपल्या कार्यालयातही पुढील एका प्रकल्पाचे नेतृत्व अशाच रीतीने, पुरेशा अधिकारांसह, स्त्री सहकाऱ्याकडे देता येईल. शिवाय नागरिकांच्या बैठका बहुधा संध्याकाळी उशिरा असतात. त्या पाळीपाळीने सर्वांकडे द्याव्यात आणि बदली सुट्टी मिळावी, म्हणजे लहान मुले असलेल्यांना माघार घ्यावी लागणार नाही.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. बढतीच्या निकषांची प्रत मी आजच मागितली असून, तक्त्यासाठी दोन पुरुष सहकाऱ्यांनीही आपली माहिती देण्याचे मान्य केले आहे.