विंडोज ११ अपडेट झाल्यापासून घरचा साम्बा फोल्डर उघडत नाही (सर्व्हरला हातही लावलेला नाही)

घुमटवाली, डिचोली

नमस्कार मंडळी. माळ्यावरच्या जुन्या पीसीवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि साम्बा (घरच्या नेटवर्कवर विंडोजला फोल्डर उघडून देणारं सॉफ्टवेअर) चालवते. आमच्या वाड्यावरच्या घुमट (मातीचं तालवाद्य) आरत्या, भजनं, देवळातल्या उत्सवातली नाटकं, सगळं रेकॉर्डिंग त्यावर आहे. फोल्डर पहिल्यापासून गेस्टला उघडा, पासवर्ड नाही.

माझ्या लॅपटॉपने (विंडोज ११ प्रो) परवा २४एच२ अपडेट घेतलं आणि तेव्हापासून फोल्डरवर क्लिक केलं की म्हणतो, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पासवर्डशिवाय येणाऱ्या गेस्टला प्रवेश नाही. संस्था कसली डोंबलाची! घरात मी, नवरा, सासूबाई आणि मांजर. नवऱ्याच्या विंडोज १० वाल्या डबड्यावर तोच फोल्डर मजेत उघडतो. पिंग जातो, राउटर ठीक आहे, पावसाने लाइटचा खेळखंडोबा चालू असला तरी सर्व्हर यूपीएसवर आहे.

चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय, पोरं आरत्यांचं रेकॉर्डिंग मागताहेत. काय करू?

सरळसोट

सोपं आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) लॅनमनवर्कस्टेशनच्या पॅरामीटर्समध्ये ‘अलाऊ इनसिक्युअर गेस्ट ऑथ’ची किंमत १ करा, रीस्टार्ट मारा. चहा प्या.

घुमटवाली, डिचोली

केलं. चहाही झाला. धोरणाचा मेसेज गेला, पण फोल्डर काही उघडत नाही. आता सही अवैध असल्यासारखा काहीतरी एरर देतो.

माळ्यावरचा लिनक्स, फोंडा

ताई, ती रजिस्ट्रीची किंमत परत ० करा. २४एच२मध्ये प्रो आवृत्तीत दोन गोष्टी एकदम बदलल्या आहेत, म्हणून एकच गाठ सोडून भागत नाही. पहिली, गेस्ट प्रवेश बंद. दुसरी, एसएमबीच्या (नेटवर्कवरून फोल्डर उघडायची विंडोजची पद्धत, साम्बाही तीच बोलतो) प्रत्येक पॅकेटवर सही, म्हणजे ते वाटेत बदललं नाही याची डिजिटल खूण, सक्तीची. सहीची किल्ली तयार होते लॉगिनच्या पासवर्डवरून. गेस्टला पासवर्डच नाही, तर किल्ली कुठून येणार? विंडोज १० प्रोवर गेस्टला परवानगी होती आणि घरगुती सर्व्हरकडे सहीचा हट्टही नव्हता, म्हणून साहेबांचं डबडं अजून चालतंय.

तेव्हा सर्व्हरवर स्वतःचं खातं काढा. लिनक्सवर तुमच्या नावाचा यूजर असेलच. त्याला साम्बाचा पासवर्ड वेगळा द्यावा लागतो, लिनक्सचा पासवर्ड आपोआप लागू होत नाही. त्यासाठी सुडो लावून ‘एसएमबीपासडब्ल्यूडी मायनस ए’ आणि पुढे यूजरचं नाव. मग एसएमबी डॉट कॉन्फमध्ये (साम्बाच्या सेटिंगची फाइल) त्या शेअरखालचं ‘गेस्ट ओके’ नो करा, ‘व्हॅलिड यूजर्स’मध्ये तुमचं नाव घाला. टेस्टपार्म चालवून फाइल तपासा आणि एसएमबीडी (साम्बाची सेवा) रीस्टार्ट करा. लॅपटॉप एकदा साइन आउट करून परत या, कारण एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडलेलं विंडोजला चालत नाही आणि जुनं गेस्टचं सेशन आडवं येऊ शकतं.

सरळसोट

घरातल्या घरात एवढा बंदोबस्त? विंडोजच्या पॉवरशेलमधून (कमांड द्यायची खिडकी) सहीची सक्तीसुद्धा काढता येते. एक ओळ.

माळ्यावरचा लिनक्स, फोंडा

येते, नाही कोण म्हणतो? पण ती सक्ती निघते लॅपटॉपवरून, नुसत्या या एका फोल्डरपुरती नाही. तोच लॅपटॉप उद्या ऑफिसच्या नाहीतर हॉटेलच्या नेटवर्कला जोडला तर तिथेही सही न मागताच जाणार. शिवाय घरात नवा लॅपटॉप आला की तीच कसरत पुन्हा. खातं एकदाच काढायचं.

घुमटवाली, डिचोली

उघडला! नाव-पासवर्ड मागितला, ‘लक्षात ठेवा’वर टिक केली. सगळं जागेवर आहे. फक्त एक पीडा: गाणी वाजतात, पण जुन्या फाइलचं नाव बदलायला गेलं की परवानगी नाही. नवी फाइलही टाकता येत नाही.

माळ्यावरचा लिनक्स, फोंडा

बरोबर. इतकी वर्षं गेस्ट म्हणून टाकलेल्या फाइलींची मालकी ‘नोबडी’ नावाच्या यूजरकडे आहे. साम्बाच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये इतरांना त्या वाचता येतात, बदलता येत नाहीत. सर्व्हरवर त्या फोल्डरला ‘चाउन मायनस कॅपिटल आर’ लावून मालकी तुमच्या नावावर करा. फोल्डरचा पत्ता मात्र दोनदा वाचून मग एंटर. नुसता एक तिरपा दांडा टाकून ही कमांड सोडलीत तर अख्खी सिस्टिम तुमच्या नावावर होईल आणि मग तुम्हाला इथे नवा धागा काढावा लागेल.

घुमटवाली, डिचोली

झालं, सेव्ह होतंय. नवऱ्याच्या डबड्याने पण पासवर्ड मागितला, त्यावर घरात थोडं भांडण झालं. सासूबाईंच्या टीव्हीवर व्हीएलसी आहे, त्यात नाव-पासवर्ड घातला, तिथेही वाजतंय. देव बरें करूं, दोघांनाही. आता पोरांचे पेन ड्राइव्ह भरायला घेते.