मदत हवी आहे: भाऊ कामावर परततोय, कोणाला किती सांगावं?

धाकट्या भावाला बायपोलर आहे (कधी उत्साहाचा अतिरेक, कधी खोल उदासी, असा मनाचा आजार). त्याला विचारूनच लिहितेय. त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे, तिची रक्तातली पातळी, थायरॉइड, किडनी या तपासण्या वेळच्या वेळी होतात. (झोप कमी होऊनही अंगात उत्साह मावेनासा झाला की ती धोक्याची घंटा. हे आता आमच्या आधी त्यालाच कळतं.)

पुढच्या महिन्यात तो पुन्हा रुजू होतोय. रात्रपाळी नको, एवढंच त्याचं मागणं, कारण झोप बिघडली की आजार उलटू शकतो. पण साहेबांना नुसतं 'वैद्यकीय कारण' सांगून भागतं, की आजाराचं नाव घ्यावंच लागतं? एकदा नाव घेतलं की टीमभर होतं, असा आपला माझा समज. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सांगा.

दुसरं घरचं. तो मोठ्याने हसला किंवा चिडला की आई लगेच विचारते, "गोळी घेतलीस ना?" काल तो भरल्या ताटावरून उठून गेला. माणसाला साधं रागवायचीही सोय नाही! आईची भीती खोटी नाही म्हणा, मागच्या वेळचं सगळं तिनेच निस्तरलंय. तिला न दुखावता हे कसं थांबवावं?

आणि प्लीज, 'सकारात्मक विचार करा' नको. ते नातेवाइकांकडून भरपूर मिळालंय.