शस्त्रसंधी, तह, सलोखा : कुठे कोणता शब्द?

प्रश्न (विटा) : १० मे २०२५ ला भारत-पाकिस्तानमधला गोळीबार थांबला. मुलीने निबंधात लिहिलं, "दोन्ही देशांत सलोखा झाला." बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. शब्द चुकला का?

उत्तर (शिराळा) : रेघ योग्यच आहे. बंदुका थांबल्या, वाद जिथल्या तिथे राहिला, तर ती शस्त्रसंधी. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली, पण शांततेचा तह अजून झालेला नाही. त्या दिवसापासून तिथे सलोखा नांदतोय असं कोण म्हणेल?

तह म्हणजे कलमं, हद्दी, देणंघेणं. आपल्या दारातलंच उदाहरण घ्या. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे चुलतभाऊ. संभाजीराजे निजामाच्या बाजूला गेले, लढाया झाल्या आणि शेवटी १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह झाला. कृष्णेच्या संगमापर्यंत वारणेचा दक्षिण काठ कोल्हापूरकडे गेला. तो संगम म्हणजे सांगलीजवळचं आपलं हरिपूर. एकाचे चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, असंही त्यात ठरलं. मला हे कलम हद्दीपेक्षा मोलाचं वाटतं. शेजाऱ्यावर उलटलेली माणसं आपल्या घरात पोसायची नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. आजही शेजारी देशांच्या बोलण्यांत घोडं इथेच पेंड खातं.

एवढं लिहून ठेवूनही पुढे पेशव्यांचे सरदार असलेले मिरजेचे पटवर्धन आणि कोल्हापूरकर लढतच राहिले. तह होता, सलोखा नव्हता.

उत्तर (इस्लामपूर) : क्रियापदं बघा, फरक लगेच कळतो. शस्त्रसंधी जाहीर होते, तिचं उल्लंघन होतं. तह होतो आणि मोडतो. सलोखा मात्र बहुधा राहतो, नांदतो, टिकतो. तो एका दिवसात होणारा प्रकार नव्हे. एकाच विषयापुरतं ठरलं तर करार. १९ सप्टेंबर १९६० चा सिंधू पाणीकरार १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित केला.

२०२३ ची सरकारची सलोखा योजना आठवा. दोन शेतकऱ्यांच्या जमिनींचा ताबा बारा वर्षं अदलाबदल झालेला असेल, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून कागद दुरुस्त होतो. पण दोघांची संमती हवीच. एक जण जरी अडून बसला तरी फाईल हलत नाही. नाव अगदी चपखल आहे. बांधावरचा सलोखा जबरदस्तीने होत नाही, मग सीमेवरचा कसा होईल? बाहेरचा मध्यस्थ फार तर गोळीबार थांबवू शकतो.

प्रश्न (विटा) : मग "समेट" चालेल का?

उत्तर (शिराळा) : पक्षातले दोन गट, संपकरी आणि मालक, भाऊबंद यांच्यात समेट घडतो. दोन राष्ट्रांसाठी तो शब्द फार घरगुती वाटतो. मुलीला "शस्त्रसंधी झाली" असं लिहू द्या.