बँकॉक-सिंगापूर विमानाला नक्की किती वेळ लागतो? तातडीने मदत हवी आहे

मृण्मयी_के: परवा निघायचंय, पटकन सांगा. सगळीकडे अडीच तास दाखवतात. माझ्या तिकिटावर निघायची वेळ दुपारी २:३० आणि पोचायची ५:५५. म्हणजे जवळपास साडेतीन तास! मधे कुठे थांबतं का? पुढचं विमान गाठायचंय.

साधा_प्रवासी: कुठेही थांबत नाही. सिंगापूरचं घड्याळ बँकॉकपेक्षा एक तास पुढे आहे आणि तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात. अंतर सुमारे १,४०० किमी, म्हणजे अडीच तास बरोबरच. पुढचं विमान किती वाजता?

रूळप्रेमी: वेळ असेल तर रेल्वेने जा! बँकॉकहून रात्रीची गाडी मलेशियाच्या सीमेवरच्या पाडांग बेसारपर्यंत, तिथून क्वालालंपूर, मग जोहोर बारू आणि पूल ओलांडला की सिंगापूर. विमानातून काहीच दिसत नाही.

साधा_प्रवासी: अहो, परवा निघायचंय तिला. दोन दिवस रेल्वेत कुठे घालवणार?

मृण्मयी_के: ८:१० ला मुंबईचं. सव्वादोन तास पुरतील ना?

अनुजा_ताई: बँकॉकला सुवर्णभूमीवरून निघतेयस की डॉन मुआंगवरून? आधी ते बघ. टॅक्सीवाला चुकीच्या विमानतळावर घेऊन गेला तर ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास सहज जातो. आणि दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत का?

चौकस: घड्याळाचं खरं कारण वेगळं आहे. नकाशा पाहिलात तर सिंगापूर बँकॉकच्या वेळेतच बसायला हवं. १ जानेवारी १९८२ ला मलेशियाने सबा-सारावाक या आपल्याच पूर्वेकडच्या राज्यांशी वेळ जुळवण्यासाठी, आधीच अर्धा तास पुढे असलेली घड्याळं आणखी अर्धा तास पुढे केली, सिंगापूरनेही तेच केलं.

मृण्मयी_के: सुवर्णभूमी. तिकिटं वेगवेगळी काढलीत, स्वस्त पडली. सिंगापूरचा व्हिसा नाही, पण विमानतळाबाहेर जायचंच नाहीये.

अनुजा_ताई: चेक-इनचं सामान आहे का? असेल तर अडचण आहे. वेगळ्या तिकिटांवर बॅग सहसा मुंबईपर्यंत लावून देत नाहीत. ती पट्ट्यावरून घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि तिथे भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो.

खवय्या_७: बाहेर पडलात तर सेरंगून रोडला डोसा खा. शाकाहारी मंडळींची उत्तम सोय आहे.

निखिल_पुणे: अमेरिकेचा व्हिसा असला की ९६ तास सिंगापूरच्या व्हिसाशिवाय जाता येतं.

अनुजा_ताई: त्याला अटी आहेत, निखिल. आणि तिच्याकडे तो आहे हे कुठे म्हणाली ती?

मृण्मयी_के: नाही, कुठलाच व्हिसा नाही. एक मोठी बॅग आहे, आईची औषधं आणि कपडे.

अनुजा_ताई: मग औषधं आणि दोन दिवसांचे कपडे हातातल्या बॅगेत घे. मोठी बॅग टाळता येत असेल तर दोन्ही बोर्डिंग पास ऑनलाइन काढून आतल्या आत टर्मिनल बदल. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल १, २, ३ मध्ये स्कायट्रेन आहे, ४ ला बस. टाळता येत नसेल तर आजच बँकॉक-मुंबई थेट विमान बघ, साडेचार तासांच्या आसपास लागतात. आई सोबत आहे का?