मदत हवी आहे: पल्पच्या युनिटमध्ये मास्क ठेवायचा की काढायचा?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमचं आंब्याच्या पल्पचं छोटं युनिट आहे. गुढीपाडव्यापासून, म्हणजे २ एप्रिल २०२२ पासून, राज्यात मास्क ऐच्छिक झाला. लगेच कामावरच्या बायका म्हणाल्या, "दादा, आता तरी तोंड मोकळं करू द्या!" त्यांचंही खरंच आहे. वाफेपाशी मास्क बघता बघता ओलाचिंब होतो, नि ओल्या मास्कचा उपयोग तरी काय?

पण एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, २०११ च्या नियमांत, शेड्यूल ४ मध्ये, टोपी, हातमोजे यांच्याबरोबर मास्कही पुरवायला सांगितलाय. तो कोविडच्या आधीपासूनचा, मालाच्या स्वच्छतेसाठी. म्हणून सोलणी-कापणीला मास्क ठेवून, डबे सील झाल्यावर लेबलिंग आणि गोदामात सूट द्यावी असं मनात आहे. तुम्ही कसं केलंत? ओले मास्क शिफ्टमध्ये किती वेळा बदलून देता?