मालकी दिली की पर्यावरण आपोआप वाचतं का?

नाना_७२: मित्र म्हणतो सरकारी नियम कशाला, मालकी द्या, माणूस जंगल स्वतःच जपेल. असं खरंच कुठे झालंय का?

रानवाट: गडचिरोलीतलं मेंढा-लेखा बघा ना, २००९ला सामूहिक वनहक्क (जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क) मिळाला पण बांबू विकायचा तर वाहतूक पास वनखात्याच्याच हातात, मग कसली डोंबलाची मालकी! २०११ला हे वाहतूक पास देण्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं तेव्हा कुठे गाव स्वतः बांबू विकू लागलं.

चिमणीवाला: पण ती मालकी गावाची, एकेकट्याची नाही हां. आणि हवेचा सातबारा कोणाच्या नावावर करणार? अमेरिकेत १९९०च्या कायद्याने वीज कंपन्यांना गंधकाच्या धुराचे परवाने आपसात विकायची मुभा दिली, धूर बराच घटला, पण एकूण मर्यादा सरकारनेच ठरवलेली.

रानवाट: मान्य. सुरतेत २०१९पासून धुराच्या परवान्यांचं तसंच चालू केलंय, पण चिमणीला धूर मोजणारं मीटर हवंच, नाहीतर सगळं कागदावर.