व्हिडिओ कॉलवर पाहुणे आणले तरी वर्ग थंडच, काय चुकतंय?

वही_पेन
नमस्कार मंडळी. सातवीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात कीटकांवर काम करणाऱ्या एका संशोधक बाईंना व्हिडिओ कॉलवर वर्गात आणलं, महिनाभर मागे लागून त्यांची वेळ मिळवली होती, आणि खरं सांगायचं तर पहिली पस्तीस मिनिटं वर्ग ढिम्म. बाई चांगल्या बोलत होत्या हो, पण स्लाइडवर स्लाइड, आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरमधून, मागच्या तीन बाकांना काही ऐकूच येत नव्हतं त्यामुळे तिथे फुल्ली-गोळा सुरू. शेवटी "कुणाला काही विचारायचंय?" तर चिडीचूप. मग एकाने हात वर केला, म्हटलं चला देव पावला, तर हा विचारतो, "मॅडम, तुमच्या मागे फळीवर त्या बरणीत काय आहे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई हसल्या, उठून बरणीच घेऊन आल्या, आत गांधीलमाशीचं रिकामं पोळं! कॅमेऱ्याला अगदी चिकटवून एकेक घर दाखवायला लागल्या, हा सगळा कागद आहे, माशी लाकूड चावून त्यात थुंकी मिसळून बनवते म्हणाल्या, आणि अख्खा वर्ग उभा, सगळे एकदम बोलायला लागले. आणि तेवढ्यात कॉल तुटला. फुकटच्या खात्याची चाळीस मिनिटं संपली 🙈

तर प्रश्न असा की हे नीट करता येतं का? कुणी करतंय का नियमित? की हौसेपुरतंच आहे हे सगळं?

शंकेखोर
राग मानू नका ताई, पण स्लाइड दाखवत बोलणारा माणूस बघायचाय तर रेकॉर्ड केलेला व्हिडिओ काय वाईट? तो थांबवता येतो, मागे नेता येतो, आवाज फुटत नाही, तुटत नाही. थेट कॉलची सगळी कटकट का करायची?

नकाशेवाली
शंकेखोर, बरोबर आहे तुमचं, पण अर्धंच. व्याख्यानासाठी कॉल नकोच. कॉल अशा गोष्टीसाठी ठेवावा जी दोन्हीकडे त्याच वेळी घडतेय.

आमचं सांगते. मी भूगोलाची. दुसऱ्या एका शाळेशी जोडून घेतलं, ती आमच्या बरीच दक्षिणेला आणि बरीच पश्चिमेला. मार्च महिन्यात, दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमाराला, दोन्ही मैदानांवर एक मीटरची काठी उभी केली, ओळंबा लावून सरळ, आणि दुपारची सावली मोजली. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने साधारण २२०० वर्षांपूर्वी पृथ्वीचा घेर काढला तीच युक्ती (दोन ठिकाणच्या कोनांतला फरक वर्तुळाचा जेवढा भाग, तेवढाच भाग त्यांच्यातलं अंतर पृथ्वीच्या घेराचा), त्याला अलेक्झांड्रियात ७.२ अंशांचा कोन मिळाला होता, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. आमच्या पोरांना त्रिकोणमितीतलं टॅन वगैरे येत नाही, त्यांनी कागदावर काठी-सावलीचा त्रिकोण लहान मापात काढला आणि सरळ कोनमापक लावला.

पहिल्या दिवशी दोन्हीकडे घड्याळात बाराच्या ठोक्याला मोजलं. दोन कोनांतला फरक आला ७ अंश. नकाशावर दोन्ही अक्षवृत्तांमधलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर पट्टीने मोजलं होतं, ५६० किलोमीटर (रस्त्याचं अंतर घेऊ नका, फसाल). ३६० भागिले ७ गुणिले ५६०, पृथ्वी झाली जेमतेम २९ हजार किलोमीटरची! पोरं हिरमुसली. खरा घेर ४० हजारांच्या आसपास.

मी उत्तर सांगितलं नाही, म्हटलं उद्या परत, पण आज एकदाच मोजलं तसं नाही, दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायची आणि कॉल पूर्ण वेळ चालू. अर्ध्या तासाने आमच्याकडे एक पोरगी ओरडली, "सावली वाढायला लागली!" आणि स्पीकरमधून तिकडचा मुलगा, "खोटं! आमची अजून कमीच होतेय!" दोन मिनिटं नुसतं भांडण 😄 मग तिकडच्याच एकीने शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे आमच्याआधी दुपार होते का?" बास. आमच्या रेखांशात साधारण दहा अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याची दुपार चाळीस मिनिटांनी वेगळी. हे मी फळ्यावर दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी पोरं पाठ करून विसरतात. मग ज्याने त्याने आपली सगळ्यात आखूड सावली धरली, फरक आला ५.४ अंश आणि घेर ३७ हजारांच्या थोडा वर. एवढी चूक चालते मला.

आता हे रेकॉर्डिंगमध्ये कसं झालं असतं सांगा.

शंकेखोर
मान्य. हे भारी आहे. शब्द मागे घेतो (व्याख्यानाबद्दलचे नाही).

तारांचा_गुंता
मी शाळेतले कॉम्प्युटर, प्रोजेक्टर वगैरे सांभाळतो, त्यामुळे माझं रडगाणं वेगळं. वही_पेन मॅडम, तुमचा निम्मा वर्ग आवाजामुळेच गेलाय. चित्र अडकलं तर मुलं सहन करतात, आवाज तुटला की दोन मिनिटांत हातातून जातात. लॅपटॉपचा माईक एका माणसासाठी असतो, जो अर्ध्या हातावर बसलाय. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, मग शेवटच्या बाकावरच्या पोराचं काय ऐकू जाणार, समोरच्याला फक्त पंख्याची घरघर ऐकू येते. पंखे तेवढ्यापुरते बंद करा, बाहेरचा स्पीकर लावा, आणि मीटिंगच्या टेबलावर ठेवतात तो स्पीकरफोन मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्यात घुमणारा आवाज कापायची सोय असते. आणि एका खोलीत दोन मशीनवरून एकाच कॉलला जोडलं जाऊ नका, म्हणजे दोन्हींचे माईक-स्पीकर चालू ठेवून तर नकोच, जी शिट्टी वाजते ती ऐकून मुख्याध्यापक धावत येतात. अनुभव आहे.

नेट वायफायवर नको, केबल टाका. आणि स्पीड बघताना सगळे डाउनलोड बघतात, तुमचा वर्ग समोर दिसायचा तर अपलोड लागतो, बऱ्यापैकी स्वच्छ चित्राला दीड-दोन एमबीपीएस तरी मोकळा हवा.

अजून एक, ज्याकडे कुणी बघत नाही. आवाज पोचायला लागणारा वेळ. आयटीयूची (दूरसंचाराचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) शिफारस आहे की एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांच्या आत असावा, त्याच्या वर गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. तुमचं नेट ३६ हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहावरून येत असेल तर नुसतं वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, तिथे काही इलाज नाही. मुलांना शिकवायचं, प्रश्न विचारला की मनात पाच मोजा, मग बोला. नाहीतर पाहुण्याला वाटतं वर्ग उद्धट आहे.

खिडकी मुलांच्या पाठीमागे असेल तर पडदा ओढा, नाहीतर तिकडे चाळीस काळ्या सावल्या दिसतात.

मधली_सुट्टी
गुंता सरांना +१. आम्ही एक खुर्ची करतो, "प्रश्नाची खुर्ची". कॅमेऱ्यासमोर हातभर अंतरावर. ज्याला विचारायचंय त्याने तिथे येऊन बसायचं, नाव सांगायचं (फक्त पहिलं, आडनाव नाही) आणि विचारायचं. पाहुण्याला चेहरा दिसतो, आवाज नीट जातो, आणि गंमत म्हणजे वर्गात कधी तोंड न उघडणारी दोन-तीन पोरं तिथे बरोबर जाऊन बसतात, का ते मला अजून कळलेलं नाही.

प्रश्न आधी लिहून घ्यायचे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या अंतराळवीरांशी शाळा हॅम रेडिओवर (हौशी लोकांचा बिनतारी रेडिओ) बोलतात ना, २००० सालापासून चालू आहे ते, त्यात बहुतेक वेळा चित्र नसतं, नुसता आवाज, आणि स्थानक डोक्यावरून निघून जातं म्हणून हातात जेमतेम दहा मिनिटं. त्यामुळे पोरं ओळीत उभी, प्रश्न हातात, विचारायचा आणि "ओव्हर" म्हणायचं. वेळ कमी म्हणून तयारी जबरदस्त. मी पाहुण्यांना आता वीसच मिनिटं मागते, ते पण खूश, लगेच हो म्हणतात.

सुरुवातीला सोपं काही हवं असेल तर मिस्टरी स्काइप म्हणून खेळ होता तो करा. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं पण खेळाला काय, कुठल्याही ॲपवर होतो. दोन वर्ग एकमेकांना माहीत नसलेले, फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारून समोरचा वर्ग कुठे आहे ते ओळखायचं. एक गट नकाशावर, एक प्रश्न ठरवायला, एक नोंदी ठेवायला. आमच्या पोरांनी पहिले सहा प्रश्न एकेका देशाचं नाव घेण्यात घालवले, मग एकाच्या डोक्यात आलं की "विषुववृत्ताच्या वर आहात का" विचारलं की अर्धं जग एका फटक्यात बाद.

आणि पालकांची परवानगी आधी घ्या, रेकॉर्डिंग करणार असाल तर ते वेगळं विचारा. आमच्याकडे एका मुलीला काही कारणाने कुठेही दिसायचं नव्हतं, ती कॅमेऱ्यामागे बसून नोंदी घेत होती, कुणाला कळलंही नाही.

वही_पेन
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. बाईंना मेल केला, त्या परत यायला तयार आहेत, त्यांनीच विचारलं, "बरणीवाला मुलगा आहे ना?" यावेळी स्लाइड आधी मागवते, मुलं त्या अगोदर वाचतील, कॉल वीस मिनिटांचा आणि नुसता प्रश्नांचा. शाळेच्या आवारातच जिन्याखाली एक सोडलेलं पोळं आहे, ते काढून ठेवतोय, आपलं आणि त्यांचं शेजारी धरून बघायचं. खुर्चीत पहिला तोच बसणार.

नकाशेवाली ताई, सावलीसाठी पुढचा वर्ग आमचा घ्याल का? काठी आहे, ओळंबा पण आहे.

नकाशेवाली
घेते की. आधी रेखांश सांगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आणि घड्याळ घरी ठेवून या 😄